पांझरेचा पूर आणि वातावरणीय नदी शोधण्याच्या चार पद्धती: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

खानदेशातील एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने काही वर्षांपूर्वी हाती घेतलेल्या अभ्यासाची ही नोंद आहे. संस्था, व्यक्ती आणि पुराचे वर्ष मुद्दाम दिलेले नाही. अभ्यास गटात विभागातील एक प्राध्यापक, एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता होते. या अभियंत्यांना सारे ‘नाना’ म्हणत. प्रस्तुत लेखक गटाचा सदस्य नव्हता. पद्धतींची तुलना सुरू झाल्यावर हवामानाच्या डेटाच्या कामापुरता तो त्यात आला.

प्रकरणाचे निमित्त ऑगस्टमधील एका पुराचे होते. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेरच्या बाजूला, दोन दिवस पाऊस कोसळला, अक्कलपाडा धरणातून विसर्ग वाढवावा लागला आणि पांझरेचे पाणी धुळे शहरात काठावरच्या वस्तीपर्यंत आले. पुढच्या आठवड्यात विद्यार्थी नदीकाठच्या गावांत पाहणी करत असताना एका शेतकऱ्याने त्यांना सरळ विचारले, “एवढं पानी कथाईन उनं (कुठून आलं), भाऊ?” त्याच सुमारास बातम्यांतून ‘वातावरणीय नदी’ हा शब्द फिरू लागला होता आणि हा पूर तिच्यामुळेच आला असे कोणीतरी लिहूनही टाकले होते. ते खरे की खोटे हे तपासावे, एवढ्या मर्यादित हेतूने अभ्यास सुरू झाला.

वातावरणीय नदी म्हणजे हवेच्या खालच्या थरांतून वेगाने वाहणाऱ्या बाष्पाचा लांब, अरुंद आणि तात्पुरता पट्टा. ही कल्पना १९९० च्या दशकाच्या आरंभी न्यूवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. झू आणि न्यूवेल यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की मध्य अक्षांशांत ध्रुवाकडे जाणाऱ्या बाष्पापैकी सुमारे ९० टक्के बाष्प पृथ्वीच्या परिघाच्या जेमतेम दहाव्या हिश्शातून जाते. संशोधनाचा बराचसा पाया कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर घातला गेला असल्यामुळे शोधपद्धतींचे आकडेही मुख्यतः तिथल्या हिवाळी वादळांवरून ठरले. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

प्रश्न कुठे अडला

गटाने पहिल्यांदा जी पद्धत वापरली ती सर्वांत सोपी होती. हवेच्या उभ्या स्तंभातील बाष्प आणि त्याला वाहून नेणारा वारा यांचा एकत्रित हिशेब म्हणजे बाष्पवहन. ते दर मीटर रुंदीतून दर सेकंदाला किती किलो बाष्प गेले अशा एककात मोजतात. हा आकडा २५० च्या वर असेल आणि तसा सलग पट्टा २००० किलोमीटरपेक्षा लांब असेल, तर ती वातावरणीय नदी. अमेरिकेच्या पश्चिम भागासाठी २०१४ मध्ये मांडलेला हा निकष बराच रूढ आहे.

पुराच्या दिवशी हा निकष पूर्ण होत होता, त्यामुळे उत्तर मिळाले असे विद्यार्थ्यांना वाटले. प्राध्यापकांनी पूर्ण हंगाम तपासायला सांगितले, तेव्हा जुलै आणि ऑगस्टमधले बहुतेक दिवस याच निकषाने ‘नदीचे’ ठरले. त्यांत पेरण्या वाळत असतानाचे उघडिपीचे दिवसही होते. हे का घडले ते कागदावरच्या हिशेबातून कळते. पावसाळ्यात खानदेशावरच्या हवेत स्तंभभर मिळून ५० मिलिमीटरच्या आसपास (सगळ्याचे पाणी झाले तर साचेल तेवढ्या जाडीचे) बाष्प असणे नेहमीचे आहे. म्हणजे दर चौरस मीटरमागे ५० किलो. त्याला सरासरी सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा मिळाला तरी बाष्पवहन ३०० होते. अरबी समुद्रावर तर सोमालियाच्या किनाऱ्याकडून येणारा खालच्या थरातील जोरदार प्रवाह जून ते सप्टेंबर वाहतच असतो आणि तिथे ५०० हा आकडा नवलाचा नाही. अशा प्रवाहात २५० चा उंबरठा लावणे म्हणजे आठवडे बाजाराच्या दिवशी गर्दी मोजून जत्रा भरली असे जाहीर करणे होते.

म्हणून मूळ प्रश्न बदलावा लागला. ‘त्या दिवशी वातावरणीय नदी होती का’ याऐवजी ‘कोणत्या पद्धतीचे उत्तर मोसमी प्रवाहात अर्थपूर्ण ठरते’ हे आधी ठरवायचे झाले.

विचारात घेतलेल्या पद्धती

पद्धतींतील फरक हा विषय जागतिक पातळीवरही नवा नाही. एआरटीमिप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुलना प्रकल्पात अनेक संशोधक गटांनी मेरा-२ या एकाच डेटासंचावर, १९८० ते २०१७ या काळासाठी, आपापल्या पद्धती चालवून पाहिल्या. हवा तीच, आकडेही तेच, तरी नद्यांची संख्या, लांबी-रुंदी आणि टिकण्याचा काळ पद्धतीगणिक बराच बदलला. गटाने त्या धर्तीवर, पण आपल्या आवाक्यात बसतील अशा, चार पद्धती निवडल्या.

पहिली बाष्पाच्या साठ्यावर आधारलेली होती: स्तंभातील बाष्प २ सेंटिमीटरपेक्षा जास्त, लांबी २००० किलोमीटरच्या वर, रुंदी १००० किलोमीटरच्या आत. राल्फ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून ती मांडली. पावसाळ्यात अर्धा हिंदी महासागर २ सेंटिमीटरच्या वर असतो, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवायचे कारण नव्हते. दुसरी वर सांगितलेली २५० च्या उंबरठ्याची. या दोन पद्धतींनी मात्र एक गमतीचा विरोधाभास दाखवला. मोसमी प्रवाह जितका जोरदार तितका तो रुंद पसरतो, म्हणून रुंदीची अट घालणारी पद्धत ज्या दिवशी ‘नाही’ म्हणते, त्याच दिवशी फक्त लांबी पाहणारी ‘हो’ म्हणते.

तिसरी पद्धत ग्वान आणि वॉलिसर यांची, २०१५ ची. तिच्यात उंबरठा ठरीव नसून जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतो. त्या ठिकाणी, त्या ऋतूत, शंभरपैकी ८५ वेळा बाष्पवहन ज्या आकड्याच्या खाली राहते तो आकडा, म्हणजे ८५ वा शततमक, हा उंबरठा. मात्र तो १०० पेक्षा खाली जाऊ द्यायचा नाही. शिवाय लांबी २००० किलोमीटरच्या वर, लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक, प्रवाहाची दिशा पट्ट्याच्या दिशेशी जुळणारी आणि ध्रुवाकडे जाणारा घटक ५० च्या वर, अशा अटी आहेत.

चौथी प्रतिमा-विश्लेषणातून आलेली, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली. ती दरवेळच्या बाष्पवहनाचे दोन भाग करते: हळू बदलणारी पार्श्वभूमी आणि तिच्यावर काही दिवसांपुरता उठलेला उंचवटा. नदी शोधायची ती या उंचवट्यात. खानदेशासाठी तत्त्वतः हीच पद्धत सर्वांत योग्य दिसत होती, पण ती समजून घेऊन चालवायला विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त वेळ लागणार होता.

फक्त चौथी वापरून मोकळे व्हावे, असाही एक पर्याय होता. प्राध्यापकांनी तो नाकारला. एकाच पद्धतीचे उत्तर आले तर ते हवेबद्दल आहे की पद्धतीबद्दल हे कळायला मार्ग उरत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्त होता.

पहिला निर्णय: नकाशाची चौकट

डेटा म्हणून इरा-५ हा जगभरच्या हवामान नोंदी संगणकीय प्रारूपाने एकत्र जुळवून तयार केलेला संच निवडण्यात आला. त्यात पाव अंशाच्या जाळीवर तासातासाचे बाष्पवहन तयार मिळते. महाविद्यालयातील इंटरनेट आणि लॅपटॉपवरील जागा लक्षात घेऊन विद्यार्थ्यांनी ६५ ते ८० अंश पूर्व रेखांश आणि १० ते २५ अंश उत्तर अक्षांश एवढाच चौकोन उतरवून घेतला होता. महाराष्ट्र उजव्या अर्ध्यात, डाव्या अर्ध्यात बहुतांशी समुद्र. नकाशा देखणा दिसत होता.

या चौकोनावर तिसरी पद्धत चालवली तेव्हा सापडलेले जवळपास सगळे पट्टे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे तिरके होते. विद्यार्थ्यांनी अहवालाच्या कच्च्या मसुद्यात त्याचे स्पष्टीकरणही लिहिले होते: अरबी समुद्रावरून येणारा प्रवाह सातपुड्याच्या दिशेने वळतो म्हणून पट्टे तिरके. स्पष्टीकरण पटण्यासारखे होते आणि म्हणूनच धोक्याचे होते. २१ अंश अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर. १५ अंश म्हणजे साधारण १५५० किलोमीटर. त्या चौकटीत सरळ पश्चिम-पूर्व वाहणारा पट्टा २००० किलोमीटर लांब असूच शकत नव्हता. कर्णाची लांबी मात्र २३०० किलोमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे लांबीची अट फक्त तिरक्या पट्ट्यांना पार करता येत होती. सातपुड्याचा त्यात काही हात नव्हता.

चौकट ३० ते १०० अंश पूर्व आणि १० अंश दक्षिण ते ३५ अंश उत्तर अशी वाढवण्यात आली. सोमालियाच्या किनाऱ्यापासून जळगावपर्यंतचे अंतर सुमारे २८०० किलोमीटर आहे, म्हणजे हा प्रवाह अखंड दिसायचा तर किमान एवढा विस्तार हवाच. डेटाचे आकारमान आवरण्यासाठी तासाऐवजी सहा तासांचे अंतर घेण्यात आले. वेळेतली ही काटकसर जागेतल्या काटकसरीपेक्षा परवडणारी होती.

याच टप्प्यावर तारखांचा घोळ लक्षात आला. महसूल मंडळातील पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि नोंद त्या दिवशीची लागते, पण तो पाऊस बहुतांशी आदल्या दिवसाचा असतो. इरा-५ ची वेळ मात्र ग्रीनिचची आहे. तिथले मध्यरात्रीचे आकडे म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. हे जुळवले नसते तर पाऊस आणि बाष्प यांत एक दिवसाची तफावत राहिली असती, आणि बाष्प पावसाच्या दिवसभर आधीच पोहोचल्याचा शोध लागला असता.

दुसरा निर्णय: ८५ वा शततमक कशातून काढायचा

या मुद्द्यावर गटात सर्वाधिक चर्चा झाली, आणि माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे.

विद्यार्थ्यांनी शततमक पूर्ण वर्षाच्या आकड्यांतून काढला होता. वर्षातील वरचे १५ टक्के म्हणजे साधारण ५५ दिवस. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस बाष्पवहनात बाकीच्या वर्षाच्या कितीतरी वर असतात, त्यामुळे ते ५५ दिवस जवळजवळ सगळे पावसाळ्यातूनच येतात. याचा दुसरा परिणाम असा की फेब्रुवारी-मार्चमधली एकही घटना कधीच उंबरठा ओलांडत नाही. रावेर-यावलच्या केळीबागा आणि कापणीला आलेला गहू आडवा करणारी अवकाळी गारपीट नेमकी याच काळात येते. अशा वेळी पश्चिमी प्रक्षोभाच्या (पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या वादळी प्रणालीच्या) पुढे अरबी समुद्रावरून अरुंद बाष्पपट्टा वर सरकला, तर तो मूळ व्याख्येतील नदीच्या बराच जवळ जाणारा असतो. वार्षिक शततमकाने या घटना मुळातूनच पुसल्या गेल्या असत्या.

महिन्यागणिक शततमक काढला तर हा दोष जातो, पण दुसरी गोष्ट गळ्यात पडते. प्रत्येक महिन्यात, प्रत्येक ठिकाणी, दीर्घकालीन सरासरीने १५ टक्के वेळा उंबरठा ओलांडला जाणारच. ते व्याख्येतच आहे. जुलैच्या सहा तासांच्या १२४ नोंदींपैकी सरासरी अठरा-एकोणीस. म्हणजे ‘खानदेशावर जुलैमध्ये अमुक वेळा उंबरठा ओलांडला’ हे वाक्य हवेबद्दल फारसे काही सांगत नाही. पुढच्या आकाराच्या आणि दिशेच्या अटी काय ठेवतात आणि काय गाळतात, तेवढेच सांगण्यासारखे उरते. जूनची अडचण वेगळी. मोसमी वारे पोहोचण्यापूर्वीचा जून आणि नंतरचा जून हे दोन वेगळे महिने मानावेत इतका त्यांत फरक असतो. गटाने अखेर मागचा-पुढचा महिना धरून तीन महिन्यांची सरकती खिडकी घेतली आणि जूनचे निष्कर्ष वेगळे, सावध शब्दांत लिहायचे ठरवले. हा मध्यममार्ग होता आणि त्याची बाजू पूर्णपणे भक्कम नव्हती.

ध्रुवाकडे जाणाऱ्या घटकाची अट त्याहून अवघड निघाली. खानदेशावरचा पावसाळी प्रवाह जवळजवळ सरळ पश्चिमेकडून येतो. बाष्पवहन ५०० असताना प्रवाह उत्तरेकडे ५ अंश कललेला असेल तर उत्तरेकडचा घटक ४४ भरतो आणि पट्टा बाद होतो. तोच १० अंश कललेला असेल तर ८७ भरतो आणि पट्टा नदी ठरतो. पाच अंशांच्या फरकाने निकाल फिरत असेल आणि पांझरेच्या खोऱ्यात येणारे बाष्प मात्र जवळपास तेवढेच असेल, तर ही अट इथे कोणाच्या कामाची? प्राध्यापकांचे म्हणणे असे पडले की मूळ पद्धत मोडू नये, नाहीतर बाहेरच्या अभ्यासांशी तुलना संपते. अखेर पद्धत मूळ स्वरूपात आणि ही अट वगळून, अशी दोनदा चालवण्यात आली आणि दोन्ही निकाल शेजारीशेजारी ठेवण्यात आले. माझ्या मते सगळ्या अभ्यासातला हा सर्वांत चांगला निर्णय.

मागोवा घेताना

एका क्षणी पट्टा सापडणे आणि तोच पट्टा पुढच्या सहा तासांत कुठे गेला हे ओळखणे, ही दोन वेगळी कामे आहेत. सोपा मार्ग म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या आकृतीचे क्षेत्र एकमेकांवर येते का ते पाहणे. २५० च्या उंबरठ्यावर हा मार्ग वापरला तेव्हा जुलैच्या आरंभी जन्मलेली ‘नदी’ महिना संपेपर्यंत मेलीच नाही. अरबी समुद्रावरचा प्रवाह खंडितच होत नसल्यामुळे प्रत्येक आकृती आधीच्या आकृतीवर येतच राहिली.

याच कारणाने राल्फ आणि सहकाऱ्यांची २०१९ ची पाच पायऱ्यांची श्रेणी बाजूला ठेवावी लागली. तिच्यात बाष्पवहनाचा कमाल आकडा आणि २५० च्या वर टिकलेला काळ यांवरून दर्जा ठरतो. काळ ४८ तासांहून अधिक झाला की दर्जा एक पायरी वर चढतो. खानदेशावर पावसाळ्यात हा काळ पूर येवो न येवो लांबतच जातो. बातमीत दिलेला ‘वरच्या श्रेणीची नदी’ हा उल्लेख या हिशेबाने तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता, आणि तरीही त्यातून काही कळत नव्हते.

चौथ्या पद्धतीत पट्ट्याच्या मध्यरेषेचे आधीच्या मध्यरेषेपासूनचे अंतर पाहून जोडणी होते आणि पार्श्वभूमी आधीच वजा झालेली असते, त्यामुळे तिथले पट्टे काही दिवसांत जन्मून संपत होते. मागोवा घेण्यासारखे काही हाती आले ते इथेच.

पूर न आलेले दिवस

तोवर सगळी तपासणी पुराच्या आणि अतिवृष्टीच्या तारखांवर चालली होती. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, त्या नोंदींवरून या तारखा निवडलेल्या होत्या. नानांनी एका बैठकीत विचारले, “सर, पूर आलेलेच दिवस घेतले तर कुठलीही पद्धत शहाणीच दिसणार. वारा जोरात, ढग पळताहेत आणि थेंब नाही, असे दिवस आमच्याकडे थोडे असतात का? तेही घाला.”

धरणाच्या पाणीपातळीच्या जुन्या वह्या हाताळलेल्या माणसालाच सुचावा असा हा मुद्दा होता. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे खानदेशावरून भरपूर बाष्प नुसतेच पुढे निघून जाते. पाऊस पडायचा तर ते वर चढावे लागते, आणि बाष्पवहनाच्या आकड्यात चढण्याचा हिशेब नसतो. कोकणात जोरदार सरी आणि धुळ्यात उघडीप हे जुलैचे ओळखीचे चित्र आहे. कोरडे पण जोरदार वाऱ्याचे दिवस अतिवृष्टीच्या दिवसांइतक्याच संख्येने तपासात घेतल्यावर पहिल्या दोन पद्धतींचा उरलासुरला दावाही संपला: दोन्ही गटांतील दिवस त्यांना सारखेच दिसत होते. तिसरीने थोडा फरक दाखवला, चौथीने त्याहून स्पष्ट, पण तिचेही उत्तर निर्विवाद नव्हते.

निष्पत्ती

मूळच्या पुरापुरते बोलायचे तर चित्र असे दिसले. बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेश ओलांडून पश्चिमेकडे सरकत होते. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्य बाजूला सर्वाधिक पाऊस पडतो आणि साक्रीचा पट्टा त्या बाजूला आला. आदल्या संध्याकाळी तिसऱ्या पद्धतीने पट्टा दाखवला. पाऊस सर्वांत जोरात असताना मात्र प्रवाह त्या क्षेत्राभोवती वळसा घेत होता, म्हणून दिशेची अट मोडली आणि नेमक्या त्या वेळी पद्धत ‘नाही’ म्हणाली. चौथ्या पद्धतीला कमी दाबाच्या दक्षिणेला ठळक उंचवटा दिसला, पण त्याची लांबी २००० किलोमीटरपेक्षा कमी भरली.

अहवालात ‘पूर वातावरणीय नदीमुळे आला’ किंवा ‘आला नाही’ यांपैकी एकही वाक्य लिहिले गेले नाही. त्या दिवसाचे बाष्पवहन त्या ऋतूच्या मानाने कितव्या शततमकावर होते, ते किती तास तसे राहिले आणि चार पद्धतींपैकी कोणती कोणत्या वेळी हो म्हणाली, एवढे तक्त्यात देण्यात आले. कमी दाबाच्या क्षेत्राला मुख्य कारण आणि समुद्रावरून आलेल्या जादा बाष्पाला पूरक कारण म्हटले गेले. एका स्थानिक समितीने याच पद्धतींवरून पूर्वसूचना देता येईल का अशी विचारणा केली, तेव्हा कोरड्या दिवसांचा तक्ता दाखवून गटाने नकार दिला. समितीची निराशा समजण्यासारखी होती, पण हा नकार योग्यच होता.

वेगळे काय करता आले असते

चौकटीचा प्रश्न डेटा उतरवण्यापूर्वी, फक्त कागद आणि अंश-किलोमीटरच्या हिशेबाने सुटला असता. विद्यार्थ्यांचे एक पूर्ण सत्र त्यात गेले. कोरडे दिवसही पहिल्या बैठकीतच निवडायला हवे होते, कारण शेवटी निवडल्यामुळे कोणते दिवस ‘कोरडे’ धरायचे यावर आधीच्या निकालांची सावली पडण्याची शक्यता राहिली.

२५० च्या पद्धतीने काढलेली दिवसांची संख्या अहवालात ठेवायची का, यावर प्राध्यापकांचे आणि माझे एकमत झाले नाही. तुलना पूर्ण दिसावी म्हणून ती परिशिष्टात हवी, असे ते म्हणत. संदर्भाशिवाय उचलली जाईल अशी संख्या छापूच नये, असे माझे मत होते. ती छापली गेली आणि पुढे एका भाषणात ‘खानदेशावर पावसाळ्यात जवळजवळ रोज नदी असते’ अशा स्वरूपात ती आलीही. असे असले तरी, ती गाळली असती तर चार पद्धतींच्या तक्त्यात एक रकाना रिकामा दिसला असता आणि त्यावर परीक्षकांनी नक्की बोट ठेवले असते, हे प्राध्यापकांचे उत्तर मला पूर्णपणे खोडता आलेले नाही.

हिवाळी आणि अवकाळी घटनांचा भाग स्वतंत्र करण्यात आला. दोघांपैकी एका विद्यार्थिनीने तो पुढे चालवला. तिथे स्तंभातले बाष्प २ सेंटिमीटरच्या आसपासच घुटमळते, पार्श्वभूमीचा प्रवाह क्षीण असतो आणि २५० चा उंबरठा खरोखर काही वेगळे काढतो. त्यामुळे पावसाळ्यात बाद ठरलेल्या पहिल्या दोन पद्धती तिने त्या कामासाठी पुन्हा घेतल्या आहेत, मात्र चौकट या वेळी पश्चिमेला आणखी वाढवून.